आधी माणूस बघ, मग आसन

योगशिक्षिका व्हायचं तू ठरवलंस आणि कोर्स कुठे करू म्हणून मला विचारलंस. संस्थांची नावं सांगतेच, पण नुसत्या नावांनी तुझं भागायचं नाही. तुला आरोग्यासाठी योग शिकवायचा आहे. तेव्हा तुझ्यापुढे गुडघे धरलेले आजोबा येतील, थायरॉइडची गोळी घेणारी सून येईल, रात्रपाळी करून आलेला कामगार येईल, दिवसभर संगणकात मान घालून बसणारा मुलगा येईल. त्यातल्या कुणाला काय झेपेल हे ओळखणं, हे तुझं खरं काम. आसनं तुला शाळेपासून चांगली येतात. ती येतात म्हणून शिकवताही येतील असं धरून चालू नकोस. तुझ्या या मावशीने इतकी वर्षं वर्ग चालवून जे कमावलं ते इथे लिहून देते आहे. कोर्सला जाताना बरोबर ठेव.

आधी कोर्सचं. दोनशे तासांचा कोर्स हा शब्द सध्या सगळीकडे ऐकू येतो. हे माप योग अलायन्स या अमेरिकेतल्या संस्थेने रूढ केलं. आपल्याकडे आयुष मंत्रालयाने २०१८ मध्ये योग सर्टिफिकेशन बोर्ड आणलं आणि शिक्षकांच्या पायऱ्या ठरवून दिल्या. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरला २०० तास, वेलनेस इन्स्ट्रक्टरला ४०० तास, त्यापुढे टीचर अँड इव्हॅल्युएटर आणि मास्टर. उपचार करणाऱ्या योग थेरपिस्टची वाट यातून वेगळी काढलेली आहे. तुला हवी ती पायरी वेलनेस इन्स्ट्रक्टरची. आजार टाळावेत, तब्येत राखावी यासाठी शिकवायचं, एवढी तिची हद्द. रोग बरा करायचा अधिकार त्या प्रमाणपत्राने मिळत नाही. ही हद्द पहिल्या दिवसापासून मनात पक्की असू दे, कारण लोक तुला रोज ती ओलांडायला लावतील.

संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय घडतं हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासलं, आतला दाब यंत्र लावून मोजला आणि जे दिसलं ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापलं. परंपरेवर त्यांची श्रद्धा होती, तरी मोजायची लाज त्यांना वाटली नाही. तू त्या घराण्यात शिकलीस किंवा नाही शिकलीस, ही सवय मात्र उचल. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट याहून जुनी, १९१८ सालची. श्री योगेंद्रांनी तिथे संसारी माणसाला पेलेल असा योग शिकवायला घेतला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली शिकवायला आले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी खंगलेला हा मुलगा. दुबळ्या शरीराला आसनात कसं न्यायचं हे ते स्वतःच्या शरीरावर शिकले होते, म्हणून खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे, लोड यांचा एवढा बारीक उपयोग त्यांच्या पद्धतीत आला असं मला वाटतं. त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासून पुण्यात आहे. नाशिकचं योग विद्या धाम, नागपूरचं जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याचं घंटाळी मित्र मंडळ ही नावंही तुझ्या कानावर असतील. प्रत्येकाची शिकवायची तऱ्हा निराळी आहे.

यांतली कुठली घ्यायची हे माहितीपत्रकावरून ठरवू नकोस. शिक्षक घडवणारा वर्ग बघण्याआधी तिथला साधा, रोजचा साधकांचा वर्ग बघ. आठवडाभर त्यात बस. पहिल्या रांगेतल्या लवचीक मुलीकडे शिक्षकांचं लक्ष जातं की मागच्या रांगेत धापा टाकणाऱ्या काकांकडे, एवढंच बघ. काकांना ‘जमेल तेवढंच करा’ म्हणून सोडून दिलं, तर ते काही शिकवणं नाही. त्यांच्या हाताखाली ठोकळा दिला, भिंतीशी उभं केलं, किंवा त्यांच्यासाठी आसनच बदललं, तर तिथे पैसे भर. आणखी एक विचार: प्रत्यक्ष वर्ग घ्यायचा सराव किती देता? काही ठिकाणी सगळा वेळ आसनं करून घेण्यात आणि टिपणं उतरवण्यात जातो. मग प्रमाणपत्र हातात आलं तरी मुलीला दहा माणसांपुढे उभं राहून तोंड उघडता येत नाही. डोंगरातल्या निवासी शिबिरात महिनाभरात शिक्षिका व्हायची घाई मला पसंत नाही. तेवढ्या दिवसांत शरीर दमतं आणि डोकं भरतं. दुसऱ्याचं शरीर वाचायला मात्र महिने लागतात. आठवड्याच्या सुट्टीला जाऊन वर्षभर चालणारा कोर्स मिळाला तर तो घे.

स्वतःचा सराव रोज करायचा, पण एका वेगळ्या नजरेने. जी आसनं तुला सहज जमतात त्यांतून तू शिक्षक म्हणून फार काही शिकणार नाहीस. जे जमत नाही तिथे थांब. उजव्या आणि डाव्या बाजूत फरक कुठे आहे, पश्चिमोत्तानासनात ओढ नेमकी मांडीच्या मागे येते की गुडघ्यामागे, पाळीच्या दिवसांत काय जड वाटतं, अपुऱ्या झोपेनंतर तोल कसा जातो, हे वहीत लिहून ठेव. तुझ्याच शरीरातले हे फरक तुला माहीत असले की समोरच्याचे लवकर दिसतील.

शरीररचना पाठ करू नकोस, बोटाने चाचपून शिक. खुब्याचं हाड कुठे, माकडहाड कुठे, छातीच्या फासळ्या श्वासाबरोबर कशा उघडतात, हे स्वतःच्या अंगावर शोध. एक गोष्ट तर नीट समजून घे. पद्मासन न जमणं हा प्रत्येकाच्या बाबतीत आळसाचा परिणाम नसतो. खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा माणसागणिक वेगळी असते. ज्याचा खुबा बाहेर वळतच नाही त्याने पाय ओढून वर घेतला की ती सगळी पिळवटणूक गुडघ्यावर येते, आणि गुडघा हा वळण्यासाठी केलेला सांधा नाही. अशा माणसाला सुखासनात बसव, बुडाखाली चादरीची घडी दे, गुडघे खुब्याच्या खाली येऊ देत. पतंजलींनी आसनाला स्थिरता आणि सुख एवढ्याच अटी घातल्या आहेत. पाय मांडीवर आलाच पाहिजे असं ते कुठेही म्हणत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. नवा माणूस वर्गात आला की चटई अंथरायच्या आधी त्याच्याशी बोल. नाव, वय, कामधंदा, झोप, औषधं, झालेल्या शस्त्रक्रिया, पडणं, चक्कर, दम लागणं. छापील अर्ज ठेव, पण अर्जावर विसंबू नकोस. ‘काही आजार आहे का’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘नाही’ असंच उत्तर येतं. रक्तदाबाची गोळी रोज घेणारी बाईसुद्धा नाही म्हणते, कारण गोळीने दाब ताब्यात आहे, मग तो आजार कसला, असा तिचा हिशेब असतो. म्हणून विचार, ‘सकाळी कुठल्या गोळ्या घेता?’ लगेच खरी यादी मिळते. बायकांना बाजूला घेऊन विचार. गरोदरपण, अंगावर जाणं, शिंकताना लघवी सुटणं, गर्भाशय काढलेला असणं, या गोष्टी चारचौघांत कुणी सांगत नाही, आणि तुझं शिकवणं तर त्यांवरच अवलंबून असतं. पुरुष हर्नियाचं लपवतात. त्यांनाही बाजूला घेऊन विचार. वर्षातून दोनदा ही माहिती पुन्हा घे. मागच्या दिवाळीत ठणठणीत असलेल्या माणसाला या पावसाळ्यात स्टेंट बसवलेला असू शकतो.

या उत्तरांवरून काय टाळायचं ते ठरतं. कोर्समध्ये याचे तक्ते देतील, पण तक्त्यामागचं कारण समजलं तरच ऐन वेळी आठवतं. काचबिंदू असलेल्याला डोकं खाली जाईल असं काही देऊ नकोस, कारण तसं केल्याने डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासन तर सोडच, हलासन आणि अधोमुख श्वानासनही नको. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडलेल्यांनाही हाच नियम. रक्तदाब ताब्यात नसेल तर विपरीत आसनं, कुंभक म्हणजे श्वास रोखणं, आणि जोरकस श्वसन बंद. हर्निया असेल तर पोटावर जोर येणारं काहीही नको. मणक्यातली गादी सरकली असेल तर पुढे वाकणं थांबव. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईला पाठ गोल करून पुढे वाकवू नकोस. मणका तेवढ्यानेही चेपू शकतो. तिला उभं राहून करायची आसनं दे, पालथं झोपवून छाती थोडी उचलायला दे, भिंतीला हात लावून तोल सांभाळायला दे. गुडघ्याचा सांधा बदलला असेल तर वज्रासन विसरून जा. गरोदर बाई डॉक्टरांची परवानगी घेऊनच वर्गात येऊ दे. तिला पोट पिळणारी, पालथी, श्वास रोखायची आसनं नकोत, आणि दिवस वाढले की पाठीवर फार वेळ पडू न देता डाव्या कुशीवर विसावू दे.

इन्सुलिन घेणारा माणूस सकाळी उपाशीपोटी वर्गाला आला तर त्याची साखर उतरू शकते. योग रिकाम्या पोटीच करायचा हे आपण इतक्या वेळा सांगितलेलं असतं की तो बिस्किटही खात नाही. अशांना आधी साखर तपासायला सांग, थोडं खाऊन यायला सांग. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं विसंगत झालं तर आसन थांबवून लगेच साखर द्यायची. तुझ्या पिशवीत ग्लुकोजचा पुडा कायम असू दे. दमेकऱ्याचा पंप त्याच्या चटईजवळ असू दे, बाहेरच्या पिशवीत नको. आणि वर्गात उदबत्ती लावू नकोस. वातावरण प्रसन्न होतं हे खरं, पण दम्याच्या माणसाला तो धूर सोसत नाही आणि तो बिचारा संकोचाने काही बोलत नाही.

शिकवताना आवाजाचा सराव आसनाइतकाच कर. सूचनेला एक क्रम असतो: आसनाचं नाव, पूर्वस्थिती, कुठलं अंग हलवायचं, श्वास घेत की सोडत, आसनस्थितीत काय बघायचं, आणि आसन कसं सोडायचं. आसन सोडण्याच्या सूचनेत नव्या शिक्षकांची हेळसांड होते. चढवताना एवढी काळजी आणि उतरताना नुसतं ‘सोडा’. दुखापत पुष्कळदा उतरतानाच होते. वर्गाकडे तोंड करून उभी असशील तर आरशासारखं शिकव. तोंडाने ‘उजवा हात’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा वर करायचा. सुरुवातीला जीभ अडखळेल. घरी आरशासमोर रोज सराव कर, महिनाभरात अंगवळणी पडेल. वयस्क मंडळींचा उजव्या-डाव्याचा गोंधळ होतो तेव्हा ‘खिडकीकडचा हात’, ‘दाराकडचा पाय’ असं म्हण, ताबडतोब कळतं. आपल्या भाषेत शिकव. पंजा, टाच, घोटा, पोटरी, खुबा, बरगडी, खांदा हे शब्द प्रत्येकाला ठाऊक आहेत. तिथे ‘हॅमस्ट्रिंग एंगेज करा’ म्हटलंस की अर्धा वर्ग तुझ्याकडे बघत राहील.

सगळी आसनं स्वतः करून दाखवत बसू नकोस. एकदा दाखव, मग उठून वर्गात फिर. पंगतीत वाढणारी बाई जशी स्वतः जेवायला बसत नाही आणि प्रत्येक पानावर नजर ठेवते, तसं शिक्षकाने राहावं. चेहरे बघ. दात आवळलेले, कपाळाला आठ्या, श्वास अडलेला, हे दिसलं की ते आसन त्या माणसाला जड जातंय, मग दिसायला ते कितीही नीट असो. कुणाच्या अंगाला हात लावायचा तर आधी विचार आणि ‘हो’ आल्यावरच लाव. ढकलू नकोस, दाबू नकोस, कुणाच्या पाठीवर वजन तर अजिबात देऊ नकोस. पुष्कळदा हात लावायची गरजच नसते. खांद्याखाली घडी सरकवली की खांदा आपोआप खाली येतो.

सूर्यनमस्काराबद्दल आपल्या साताऱ्याकडच्या माणसाने बोललंच पाहिजे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले, त्यावर पुस्तकं लिहिली, स्वतः घातले. मुलांसाठी आणि तरुणांसाठी त्यासारखा सर्वांगाला व्यायाम मिळणं कठीण. पण रथसप्तमी आली की आपल्याकडे आकड्यांची चढाओढ लागते आणि साठीचे गृहस्थ एकशे आठ घालायला निघतात. त्यांना अडव. मनगट दुखणाऱ्या बाईला खुर्चीवर हात टेकवून घालू दे. भिंतीशी उभं राहून तिच्यावर हात ठेवूनही त्यातल्या बऱ्याच अवस्था घेता येतात.

श्वासाकडे आता येते, कारण आरोग्याच्या दृष्टीने तुझ्याकडची ही सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि हिचाच सर्वांत जास्त विचका झालेला आहे. टीव्हीवर बघून लोक कपालभाती करतात, रोज शेकड्यांनी, पोटाला हिसके देत. हठप्रदीपिकेत कपालभाती सहा शुद्धिक्रियांमध्ये सांगितली आहे, प्राणायामाच्या यादीत ती नाहीच. आणि प्राणायाम अयोग्य रीतीने केला तर उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळ्यांची दुखणी उद्भवतात, अशी ताकीदही तोच ग्रंथ देतो. तेव्हा उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, गरोदरपण, पाळीचे दिवस, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर कपालभाती बंद म्हणजे बंद. ‘मी पाच वर्षं करतोय, काही होत नाही’ असं कुणी म्हटलं तरी तुझ्या वर्गात नाही. निरोगी माणसालाही वीस ठोक्यांपासून सुरुवात करून दे, प्रत्येक ठोका सुटा, खांदे स्थिर, चेहरा सैल.

नव्या माणसाला प्राणायाम शिकवायचा तो झोपवून. पाठीवर पडायचं, गुडघे वाकवायचे, एक हात पोटावर, एक छातीवर. श्वासाचं मुद्दाम काहीही करायचं नाही, तो नुसता बघायचा. कितीतरी जणांना या वेळी पहिल्यांदा कळतं की आपलं पोट श्वासाबरोबर हलतच नाही, सगळा श्वास गळ्याखालीच संपतो. त्यांना काही आठवडे एवढंच करू दे. मग श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा थोडा लांबव. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, मध्ये रोखायचा नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ते नाडीवर बोट ठेवून त्यांचं त्यांनाच बघू दे. मग पुढे भ्रामरी, मग नाडीशोधन. कुंभकाची घाई तू वर्षानुवर्षं केली नाहीस तरी कुणाचं काही अडणार नाही. झोप न येणाऱ्या, सतत धास्तावलेल्या माणसाला या लांब उच्छ्वासाने जेवढा उतार पडतो तेवढा अवघड आसनांनी पडलेला मी पाहिलेला नाही. मात्र एखाद्याला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की घुसमटल्यासारखं होतं. त्याला डोळे उघडे ठेवू दे, खिडकीबाहेर बघू दे, जबरदस्ती करू नकोस.

जलनेती शिकवशील तेव्हा पाणी उकळून कोमट केलेलं. नळाचं पाणी नाकात घालू द्यायचं नाही, त्यातून जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. मीठ अर्धा लिटरला साधारण अर्धा चमचा, आणि क्रिया झाली की पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, हलके उच्छ्वास करत नाक पूर्ण कोरडं करायचं. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल तर नेती नको. वमनधौती आणि शंखप्रक्षालन तू एकटीने कधीच घेऊ नकोस. ते जाणत्यांच्या देखरेखीखालीच होऊ दे.

शवासनाची मिनिटं कापू नकोस. वेळ संपत आली की सगळे शिक्षक तिथेच कात्री लावतात. पंखा मंद कर, थंडीत अंगावर शाल टाकायला सांग, मानेखाली घडी दे. पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड. उठताना आधी बोटं हलवायची, मग कुशीवर वळायचं, थोडं थांबायचं, मग हाताचा आधार घेऊन बसायचं, आणि बसल्यावर पुन्हा काही श्वास थांबूनच उभं राहायचं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना एकदम उठल्याने भोवळ येते, आणि म्हाताऱ्या माणसाला पडणं फार महागात पडतं.

म्हाताऱ्या माणसांचा वर्ग तू जरूर घे. तिथे तुझी खरी परीक्षा आहे आणि खरं समाधानही. त्यांना चक्रासनाची हौस नसते. जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठता यावं, एसटीची पायरी चढता यावी, रस्ता ओलांडताना मान वळवून मागे बघता यावं, रात्री संडासला जाताना तोल जाऊ नये, एवढंच त्यांना हवं असतं. तेव्हा पाठ टाचण लिहिताना आसनांच्या नावांपासून सुरू करू नकोस, या कामांपासून सुरू कर. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हाच एक उत्तम अभ्यास आहे. टाचा उचलून उभं राहणं, भिंतीशी एका पायावर उभं राहणं, खांद्यांचे गोल, हाताच्या बोटांची उघडझाप. उभं, बसून, पालथं, उताणं असं एकदाच फिरवून आण, दर दोन मिनिटांनी जमिनीवरून उठवू नकोस. पावसाळ्यात सभागृहाच्या फरशीला ओल सुटते. त्या दिवशी सगळा वर्ग खुर्चीवर घे.

‘योगाने माझी गोळी सुटेल का’ हा प्रश्न तुला दर आठवड्याला येईल. उत्तर एकच: ‘गोळी डॉक्टर ठरवतात. तुम्ही नेमाने या, आणि तपासणी चुकवू नका.’ पुष्कळदा नियमित सरावाने दाब आणि साखर सुधारते आणि डॉक्टरच मात्रा कमी करतात. ते श्रेय आपण घ्यायला जायचं नाही. कॅन्सर बरा होतो, थायरॉइड मुळासकट जातो, असं सांगणाऱ्या शिक्षकांपासून लांब राहा, मग ते कितीही नावाजलेले असोत. अशा बोलण्यावर विसंबून औषध सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ते आठवलं की आजही माझा संताप होतो. छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं, अचानक वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, अशी लक्षणं कुणी सांगितली तर आसन सुचवायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं. छातीचं आणि लुळेपणाचं असेल तर त्याच क्षणी.

ओंकार म्हणायचा की नाही हे तुझ्या वर्गात कोण येतं त्यावर ठरव. म्हणायचा नसेल त्याला शांत बसू दे, कुणाला अवघडल्यासारखं होऊ देऊ नकोस. साधकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नकोस. ऑनलाइन वर्ग घेतलास तर त्यांचा कॅमेरा जमिनीलगत आणि बाजूने लावायला सांग. समोरून पाठीचा बाक दिसत नाही.

पैशांचं बोलताना लाजू नकोस. आपल्याकडे योग विनामूल्य शिकवायची थोर परंपरा आहे. नागपूरच्या जनार्दन स्वामींच्या मंडळाने ती किती निष्ठेने चालवली आहे! तुला तसं करता आलं तर आनंदच. पण घर चालवायचं असेल तर फी घे, ती पहिल्या दिवशी स्पष्ट सांग, आणि पावती दे. जमलं तर दुपारचा एक वर्ग धुणंभांडी करणाऱ्या बायकांसाठी ठेव, त्यांना परवडेल त्या पैशांत किंवा तसाच. दिवसभर वाकून आणि उकिडवं बसून त्यांचे खांदे आणि कंबर जेवढी झिजते तेवढी कुणाचीच झिजत नाही, आणि वेलनेसच्या नावाखाली जे काही चाललं आहे त्यात त्यांना कुणी बोलावत नाही.

शेवटचं काम तेवढं लगेच कर. वर्गात कुणी कोसळलं तर पहिली काही मिनिटं तुझ्याच हातात असतात. छातीवर दाब कसे द्यायचे, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे हाताने केलेलं असलं पाहिजे, वाचलेलं पुरत नाही. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आणि सभागृहाचा पूर्ण पत्ता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव, कारण घाबरल्यावर पत्ता कुणालाच आठवत नाही. सेंट जॉन अँब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्ग चालतात. योगाच्या कोर्सला नाव घालण्याआधी तसा एक वर्ग करून घे.